नऊ आकडे

"आत्या, तू कागदाकडे एकदाही बघितलं नाहीस. सगळा वेळ फोनकडेच बघत होतीस."

भाची हे चिडून म्हणाली असती तर मी दुसऱ्या दिवशी विसरलेही असते. पण ती अगदी सहज म्हणाली, सतरंजी गुंडाळता गुंडाळता, आणि झोपायला निघून गेली. चतुर्थीची रात्र. आरत्या होऊन तास झाला होता तरी कापराचा वास घरातून हलला नव्हता. उकडीचे मोदक अंगावर आल्यामुळे निम्मं घर आडवं झालेलं. बाहेर पाऊस लागून राहिलेला आणि पडवीतल्या ट्यूबभोवती पंखवाले किडे. मी तिथेच बसून राहिले. समोर माझ्याच हाताने काढलेला चार्ट, त्यावर गळून पडलेले किड्यांचे पंख, आणि फोनवर थांबवलेलं स्टॉपवॉच. चार मिनिटं अकरा सेकंद.

पोरगी मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या आगेमागे कन्सल्टिंग कंपन्या कॉलेजात येणार, त्यांच्या केस इंटरव्ह्यूची, म्हणजे धंद्यातली एखादी अडचण देऊन ती तिथल्या तिथे सोडवायला लावतात त्या मुलाखतीची, तयारी चालू आहे. गणपतीच्या गर्दीत मुंबईहून खेडपर्यंत जवळजवळ उभ्याने आली, तिथून दापोलीची एसटी धरली, तरी सॅकमधून पहिली बाहेर काढली ती केसेसची फाइल. मी या धंद्याच्या आसपास वीस वर्षं काढलेली, म्हणून घरात मला या विषयातलं सगळं कळतं असा समज आहे. "बाकी जमतं गं," ती म्हणाली, "पण मधेच समोरचा माणूस चार्टचा कागद सरकवतो ना, तिथे माझा वेळ कुठे जातो तेच कळत नाही." मी म्हटलं, बस, बघू. आणि आत्याने जे करू नये ते केलं. फोन तिच्या तोंडासमोर, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

केस मीच रचलेली होती. दापोलीकडचा एक आंबा बागायतदार, तीन वर्षांत त्याचं उत्पन्न घटलंय, का ते शोधा. चार्टमध्ये तीन उभे बार, प्रत्येक शंभर टक्क्यांचा, आत तीन रंग: वाशीच्या बाजारातला दलाल, घरपोच पेट्या आणि कॅनिंग, म्हणजे डबाबंदीच्या कारखान्याला जाणारा आंबा. पहिल्या वर्षी ७०, १०, २०. दुसऱ्या वर्षी ६०, १५, २५. तिसऱ्या वर्षी ४५, २५, ३०. प्रत्येक बारच्या डोक्यावर बारीक आकड्यात एकूण पेट्या: ४०००, ३२००, २४००. खाली तळटीप, की कॅनिंगला किलोवर गेलेला माल पेट्यांत बदलून दाखवला आहे. सगळे आकडे मनाचे, पण घरात आंब्याचा हिशोब ऐकत वाढलेल्या माणसाने मनाने लिहिले तरी ते अगदीच हवेतले होत नाहीत.

तिने एक मिनिट मागून घेतलं. मग वाचायला लागली. पहिल्या वर्षी वाशी सत्तर टक्के, घरपोच दहा, कॅनिंग वीस. दुसऱ्या वर्षी वाशी साठ. एक, दोन, तीन करत नऊच्या नऊ आकडे, जणू शाळेत बाईंनी उभं करून धडा वाचायला सांगितलाय. शेवटी म्हणाली, "म्हणजे कॅनिंग वाढतंय. त्यांनी कॅनिंगवर भर द्यावा." मी बटण दाबलं. "वेळ संपला."

आता यात जी खोच आहे ती चार्ट वाचणाऱ्यांना नवी नाही. शंभर टक्क्यांचे बार सगळे एका उंचीचे दिसतात, आणि उंची सारखी दिसली की माल सारखा आहे असं डोळा गृहीत धरतो. कॅनिंगचा रंग विसावरून तिसावर चढलेला दिसतो. पण ४००० चे वीस टक्के ८००, आणि २४०० चे तीस टक्के ७२०. वाटा वाढला, माल घटला. आणि हे कळायला नऊ आकडे लागतच नाहीत, चार पुरतात. मी हे तिला समजावत होते, जरा जास्तच मास्तरकीच्या आवाजात, तेव्हा झोपाळ्यावरून दादाचा आवाज आला. त्याला चष्म्याशिवाय समोरचं ताटसुद्धा धड दिसत नाही. तो कागद बघायला उठलाही नाही. "एकूण पेट्या किती झाल्या, ते आधी सांग गो."

चार हजाराच्या चोवीसशे झाल्या, असं तिने सांगितलं. "मग संपलं. मोहोर गेला असणार. नाहीतर तुडतुड्याची कीड."

भाचीने माझ्याकडे असं पाहिलं की बघ, बाबांनी पाच सेकंदांत केलं. मी म्हटलं, त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला, पण उत्तर चार्टच्या बाहेरून आणलं. मोहोर गेल्याचं या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. इंटरव्ह्यूत असं वाटलं तर 'माझा अंदाज आहे, तपासावा लागेल' असं बोलून दाखवायचं, ठोकून द्यायचं नाही. दादाने झोपाळ्याला पायाने हलका रेटा दिला आणि म्हणाला, "तपासा. मोहोर नसला तर मला सांगा." त्यावर आम्ही दोघी हसलो, आणि हसण्याच्या भरात सतरंजी गुंडाळताना ती ते फोनचं वाक्य बोलून गेली.

रात्री झोप लागेना. पाऊस मधेच थांबला की समुद्राची गाज ऐकू येते, आमच्या घरापर्यंत ती फक्त पावसाळ्यात आणि फक्त रात्री पोचते. मला माझ्या २००५ च्या इंटरव्ह्यूची खोली आठवत होती. एका कॉलेजची वर्गखोलीच, बाकं भिंतीला लावलेली, मधे दोन खुर्च्या, एसी इतका की बोटं गार पडलेली. समोरच्या माणसाने कागद सरकवला आणि मी लगेच बोलायला लागले. वेळ मागितलाच नाही. गप्प बसले तर याला वाटेल हिला काही कळत नाही, ही भीती. त्यामुळे विचार आणि तोंड एकदमच सुटलं, आणि तोंड पुढे गेलं. कुठल्याशा कारखान्याच्या विक्रीचा बार होता, मी ४८ नग म्हणाले. उभ्या अक्षाच्या बाजूला आडवं करून, मान वाकडी केल्याशिवाय वाचता येणार नाही असं, लिहिलं होतं: हजारात. पुढची सगळी गणितं मी त्या ४८ वर केली. त्या माणसाने मला थांबवलं नाही. तो पेनचं टोपण काढत होता, घालत होता, काढत होता. त्या टोपणाचा आवाज अजून कानात आहे. त्याचा चेहरा मात्र आठवत नाही.

पुढे दुसरीकडे नोकरी लागली आणि काही वर्षांनी मी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसायला लागले, तेव्हा एक गोष्ट कळली जी आधी कळती तर बरं झालं असतं. समोरच्या मुलाला जो अर्ध्या मिनिटाचा शुकशुकाट पाच मिनिटांचा वाटतो, तो इकडच्या माणसाला चहाचा घोट घ्यायला मिळालेला वेळ असतो. कुणी सरळ म्हणालं, 'मला अर्धं मिनिट द्या', तर बरंच वाटतं. वाईट वाटतं ते वेळ न मागता अर्धवट आवाजात 'अं... म्हणजे... इथे असं दिसतंय की...' असं चालू राहतं तेव्हा. ना तो विचार, ना ती बोलणी. आणि मिनिटाच्या पुढे शांतता गेली की मात्र खरंच अवघड होतं. तेव्हा तोंड उघडून निदान समोर काय आहे ते सांगावं: तीन वर्षं आहेत, तीन वाटा आहेत, टक्क्यांत आहे. त्यात आपली समजूत चुकली असेल तर समोरचा दुरुस्त करतो. तो काही शत्रू नसतो, पेनचं टोपण काढणारा असला तरी.

मी मुलांना सांगत असे, खरेदीखत वाचताना आधी चतुःसीमा बघतात तसं करा. पूर्वेला कोणाचं, पश्चिमेला कोणाचं, मग आतली झाडं मोजा. चार्टच्या आधी कडा वाचायच्या. शीर्षक, दोन्ही अक्ष, एकक, वर्षं, रंगांची खूण, तळटीप. पंधरा सेकंद. अक्ष शून्यापासून सुरू होतोय का, टक्के कशाचे आहेत, बारची रुंदीसुद्धा काही सांगतेय का, कारण काही चार्टांत रुंदीलाही अर्थ असतो आणि तो निसटला की निम्मा कागद निसटतो. मग आत शिरायचं आणि सगळ्यात मोठं काय आणि सगळ्यात विचित्र काय एवढंच शोधायचं. आकडे ढोबळ करायचे, ४८७० चे ४९०० केले म्हणून कोणी फासावर देत नाही. आणि शेवटी आमच्या आईचा आवडता प्रश्न: 'मग?' कन्सल्टिंगवाले त्यालाच 'सो व्हॉट' म्हणतात आणि त्यावर अख्खी शिबिरं घेतात.

हे सगळं मला पाठ आहे. तरीही त्या रात्री मी फोनकडे बघत होते.

विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने १७८६ साली इंग्लंडचा व्यापार रेषांनी काढून दाखवला, चार्ट हा प्रकार आज आपण ओळखतो त्या रूपात त्याच्यापासूनचा. पुढे १८०१ मध्ये पाय चार्टही त्यानेच आणला. त्याचं म्हणणं होतं की आकड्यांचे तक्ते डोक्यात बसायला जे दिवसच्या दिवस जातात, ते काम चार्टने पाच मिनिटांत होतं. म्हणजे ज्याने ही गोष्ट काढली त्यानेसुद्धा पाच मिनिटं धरली होती, आणि आम्ही पोरांना एक देतो. पण मला त्याची आवडते ती वेगळीच गोष्ट. त्या १७८६ च्या कामात स्कॉटलंडची माहिती त्याला फक्त एका वर्षाची मिळाली, १७८०-८१ ची. पुढचं-मागचं वर्षच नाही, तर चढउताराची रेषा ओढणार कशी? म्हणून त्याने सतरा ठिकाणांसाठी सतरा जोड आडव्या पट्ट्या काढल्या, आयात एक, निर्यात एक. आज प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर असतो तो बार चार्ट असा निघाला. वेळ हाती नव्हता म्हणून.

वेळ हाती नव्हता म्हटलं की मला आमचे अण्णा आठवतात, त्यांच्या हाती तो कायमच असायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला सुतळीने पंचांग टांगलेलं असे. पंचांगाच्या पानाइतका गच्च भरलेला चार्ट मी नंतर कुठल्याच ऑफिसात पाहिला नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, त्यांच्या घटका-पळं, सूर्योदय, चंद्र कुठल्या राशीला, कडेला उभ्या ओळीत आणखी काहीबाही. मी लहानपणी ते पान डावीकडून उजवीकडे वाचायची, पोहे खात, एका शब्दाचाही अर्थ न कळता. अण्णा यायचे, चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचे, बोट एका रकान्यावरून सर्रकन खाली, पंचांग परत खुंटीला. इतकंच. एकदा मी विचारलं, तुम्ही बाकीचं वाचत का नाही? म्हणाले, "काय बघायचंय ते ठरल्याशिवाय उघडायचं कशाला?"

त्यांना बहुतेक वेळा भरती बघायची असायची. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा ओलांडली की पुन्हा प्रतिपदेपासून. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हिशोब त्यावरच उभा आहे. मुंबईला तो बराच चपखल बसतो, आमच्या किनाऱ्यावर पाणी थोडं आधीच चढतं, पण अर्ध्यापाऊण तासाने इकडेतिकडे झालं तर त्यावर होडी अडत नाही. सुवर्णदुर्गाकडे पाहुण्यांना न्यायचं असलं, आंजर्ल्याच्या खाडीत कोणाला पोहायला जायचं असलं, की लोक अण्णांना रस्त्यात थांबवून विचारायचे, आणि ते चालता चालताच गुणाकार करून सांगायचे. तेव्हा मला ती जादू वाटायची. आता वाटतं, ढोबळ आकडा कुठे चालतो आणि कुठे नाही हे ज्याला माहीत असतं त्यालाच चालता चालता गणित करता येतं.

पण हेच अण्णा खाडीच्या तोंडाशी तास-दीड तास नुसते उभे राहायचे. पाणी चढताना बघत. काय बघताय विचारलं तर 'काही नाही' म्हणायचे, आणि ते खरं असायचं. हे मला जमेनासं झालंय. गेली काही वर्षं मी हर्णैच्या किनाऱ्यावर उभी राहिले तरी मनात पहिली ओळ तयार होते: होड्या कमी, गाड्या जास्त, बाजू दोन, निष्कर्ष एक. समोरचं दिसायच्या आधी त्याचा मथळा दिसतो. ही विद्या मी पैसे घेऊन शिकले आणि पैसे घेऊन शिकवली, तेव्हा तिला नावं ठेवायचा मला फारसा हक्क नाही. तरी पोरीच्या तोंडासमोर तो फोन उभा करून ठेवताना मी तिला नक्की काय देत होते, याचं उत्तर रात्री दोनपर्यंत मिळालं नाही.

सकाळी ऋषीपंचमी. आठ वाजता लाइट गेली, गणपतीत जाते तशी, कुणाला आश्चर्य नाही. फोन सहा टक्क्यांवर, कोपऱ्यात उताणा. आई माजघरात विळीवर ऋषीची भाजी चिरत बसलेली. अळू, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, कणसाचे तुकडे, परसातल्या हिरव्या मिरच्या. बैलाच्या कष्टाचं काही नको म्हणून सगळं परसातलं, त्यामुळे भेंड्या वाकड्या आणि अळूच्या पानाला गोगलगायीने पाडलेली भोकं. भाची कालचाच कागद घेऊन आली. मी म्हटलं, थांब, नवा काढून देते. म्हणाली, "हाच दे. उत्तर माहितीये, बोलायचं कसं ते बघायचंय."

मग पाठ ताठ करून, मी कोणी परकी असल्यासारखी, "मला अर्धं मिनिट द्या."

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. पागोळ्यांचा आवाज, विळीचा कचकच, देवघरातून समईच्या वातीची तडतड. तिची नजर कागदाच्या कडेकडेने फिरत होती. वर, डावीकडे, खाली तळटिपेवर, मग डोक्यावरच्या आकड्यांवर. तिच्याबरोबर मीही पहिल्यांदाच तो कागद नीट पाहिला. मधला बार मी सुतभर उंच काढला होता. शंभर टक्क्यांचा बार आणि शेजारच्यापेक्षा उंच! कॅनिंगच्या रंगात एका किड्याचा पंख चिकटून वाळला होता.

"एक विचारू? पेटी किती डझनाची धरलीये?"

मी धरलीच नव्हती. ओटीवरून दादा म्हणाला, "पाच धर."

"बरं. एकूण माल ४००० वरून २४०० पेट्या, म्हणजे १६०० कमी. एकट्या वाशीला जाणारा माल २८०० वरून १०८० वर आलाय, १७२० ची घट. म्हणजे घसरण जवळजवळ सगळी तिथलीच आहे. घरपोच ४०० च्या ६०० झाल्या. कॅनिंग वाढल्यासारखं दिसतं पण ८०० च्या ७२० झाल्यात. तेव्हा वाशीला माल कमी गेला तो पीकच आलं नाही म्हणून, की यांनीच हात आखडता घेतला, हे मी आधी तपासेन." आणि थांबली. पुढे एक शब्द नाही. कालची पोरगी थांबलीच नसती.

मी छान म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

"आणि दर?" आई म्हणाली. विळीवरून मान वर न करता.

"कसला दर, आजी?"

"पेटीचा. उत्पन्न कमी झालं म्हणालात ना? पेट्या कमी झाल्या म्हणजे पैसे कमी झालेच असं कुठेय? माल कमी आला की दर चढतो. एका साली आपल्या निम्म्या पेट्या झाल्या होत्या, त्याच साली विहिरीवर पंप बसला." तिने अळूचा देठ सोलला, बोटाला लागलेली खाज पदराला पुसली. "तिकडे दलालाची हिशोबपट्टी नाही का लावलीत कागदात?"

आम्ही दोघी कागदावर वाकलो. शीर्षकात दर नव्हता. अक्षांवर नव्हता, रंगांत नव्हता, तळटिपेत नव्हता. उत्पन्नाची केस, तीन वर्षं, तीन वाटा, नऊ टक्के, तीन बेरजा, आणि रुपया कुठेही नाही. चार्ट मी काढला होता. त्यावर मी तिला चार मिनिटं अकरा सेकंद मोजली होती. भाचीने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथे दुकानाच्या यादीत कापूर, वाती आणि दोन किलो गूळ लिहिलं होतं.

"आज पंचमी, पावणेचारला भरती," दादा ओटीवरून ओरडला. "शेजारचा दीड दिवसाचा त्याच्या आधी निघेल. पानं वाढायला घ्या."